चार विरुद्ध तीन: स्कॉटलंडमधल्या एका दारू परवान्याचे प्रकरण

स्कॉटलंडमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरात, बंद पडलेल्या बँकेच्या शाखेत किराणा दुकान सुरू होऊन वर्ष झाले होते. दूध, पाव, भाजी, वर्तमानपत्रे, लॉटरीची तिकिटे. मालकीणबाईंनी आता दारूही ठेवायचे ठरवले. गिऱ्हाइकाने बाटली विकत घ्यायची आणि घरी न्यायची, दुकानात बसून प्यायची सोय नाही. त्यासाठी शहराच्या परवाना मंडळाकडे अर्ज गेला. सुनावणीत चार सदस्य विरोधात गेले, तीन बाजूने, आणि अर्ज फेटाळला गेला.

दुकान, बाई आणि मंडळाचे सदस्य मी रचलेले आहेत. कायदा, त्यातले टप्पे, मुदती आणि रकमा मात्र खऱ्या आहेत. रचलेले प्रकरण घेतले कारण मला निकालापेक्षा निकालापर्यंतची वाट दाखवायची आहे, आणि खऱ्या बैठकांच्या इतिवृत्तात ती वाट बहुधा दोन ओळींत आटोपलेली असते.

आपल्याकडे हा विषय जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असतो. स्कॉटलंडमध्ये तो निवडून आलेल्या नगरसेवकांकडे आहे. 2005 चा स्कॉटलंडचा परवाना कायदा 1 सप्टेंबर 2009 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याप्रमाणे परवाना मंडळ कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, नगरसेवकांमधूनच निवडले जाते, सदस्य कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त दहा, पण कायद्याच्या नजरेत हे मंडळ कौन्सिलपेक्षा वेगळे. नगरसेवक म्हणून वॉर्डात जे बोलता येते ते मंडळाच्या खुर्चीत बसून बोलता येत नाही. प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्या खुर्चीत बसून निर्णयही देता येत नाही.

बाहेरच्या माणसाला सर्वांत चकवणारी गोष्ट या कायद्याच्या तेविसाव्या कलमात आहे. अर्ज नाकारण्याची कारणे तिथे मोजून दिली आहेत. त्यातले एकही कारण लागू होत नसेल तर मंडळाला परवाना द्यावाच लागतो. एक जरी लागू झाले तरी नाकारावाच लागतो. ‘आमच्या मते या गल्लीत दारूचे दुकान नको’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. सदस्यांची पसंती-नापसंती, वॉर्डातली हवा, लोकांचा राग, हे सगळे त्या ठरावीक कारणांपैकी एखाद्याच्या दारातून आत आले तरच मोजले जाते.

कारणे थोडक्यात अशी. जागाच कायद्याने वर्ज्य असणे (पेट्रोल पंप बहुतेक वेळा यात येतो, आसपासच्या वस्तीची पेट्रोलची किंवा किराण्याची मुख्य भिस्त त्याच्यावर असेल तर सूट). मागितलेल्या वेळा कायद्यात न बसणे. अर्जदार योग्य व्यक्ती नसणे. परवाना देणे कायद्याच्या पाच उद्दिष्टांपैकी एखाद्याशी विसंगत ठरणे. गुन्हे आणि बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे, सार्वजनिक आरोग्य राखणे आणि सुधारणे, मुलांना आणि तरुणांना इजेपासून जपणे, ही ती पाच. जागा, तिथले व्यवहार आणि तिथे येणारी माणसे पाहता ती दारूविक्रीला अयोग्य असणे. आणि शेवटचे, या प्रकरणाचा जीव ज्यात आहे ते: या परवान्यामुळे त्या भागात अशा दुकानांची अतिगर्दी होणे. तिकडे याला ओव्हरप्रोव्हिजन म्हणतात.

कागद

अर्जाचे कागद नीट होते. विक्री कशी चालणार याचा आराखडा, म्हणजे ऑपरेटिंग प्लॅन. दुकानाचा 1:100 प्रमाणातला नकाशा. नगररचना, इमारत आणि अन्नस्वच्छता यांची प्रमाणपत्रे. फी जागेच्या रेटेबल व्हॅल्यूवर, म्हणजे स्थानिक करासाठी ठरवलेल्या मूल्यावर, ठरते. ती 11,501 ते 35,000 पौंडांच्या गटात असल्याने 1,100 पौंड भरले. विक्रीची वेळ मागितली ती सकाळी 10 ते रात्री 10, आठवड्याचे सातही दिवस. घरी नेण्याच्या विक्रीला कायदा जास्तीत जास्त एवढीच मुभा देतो, म्हणून जो तो तेवढीच मागतो. दारू मांडण्याची जागा 24 चौरस मीटर दाखवली होती.

हा चौरस मीटरचा आकडा लक्षात ठेवावा. पबची क्षमता माणसांत मोजतात, दुकानाची मांडणीच्या जागेत. हा आकडा पुढे वाढवायचा झाला तर पुन्हा मंडळापुढे यावे लागते. आणि परवाना एकदा मिळाला की त्याला नूतनीकरण नसते. वार्षिक फी भरत राहिले आणि काही वावगे घडून फेरविचाराची पाळी आली नाही, तर तो कायमचा. तीन वर्षांनी पुन्हा बघू, असे म्हणायची सोय सदस्यांना नाही. सुनावणीत ते एकेका चौरस मीटरवर का अडतात याचे उत्तर मला यात दिसते.

अर्ज दाखल झाल्यावर मंडळाने दुकानाच्या हद्दीपासून चार मीटरच्या आतल्या शेजाऱ्यांना, तिथल्या कम्युनिटी कौन्सिलला (रहिवाशांचे म्हणणे मांडणारी स्थानिक संस्था), पोलिसांना, अग्निशमन सेवेला आणि आरोग्य मंडळाला (त्या भागातली सरकारी आरोग्यसेवा चालवणारी संस्था) कळवले. दुकानाच्या काचेवर नोटीस 21 दिवस लावली गेली. चार मीटर म्हणजे जवळपास भिंतीला भिंत लागूनच. रस्त्यापलीकडच्या घराला वेगळे पत्र जात नाही. पण हरकत घ्यायला शेजारी असण्याची अट नाही, कोणीही घेऊ शकतो.

हरकती

रहिवाशांची अकरा पत्रे आली. शिवाय कम्युनिटी कौन्सिलचे एक, आरोग्य मंडळाचे एक, आणि दोनशे मीटरवरच्या दुसऱ्या परवानाधारक दुकानदाराचे एक. पोलिसांनी कळवले की अर्जदाराविरुद्ध शिक्षेची नोंद नाही, हरकतही नाही.

रहिवाशांची पत्रे वाचताना वाईट वाटते. कळकळीने लिहिलेली असतात, आणि त्यातली बरीचशी मंडळाच्या कामाची नसतात. पाच पत्रांत माल उतरवणाऱ्या ट्रकचा आणि गाड्या लावण्याचा त्रास होता. तो नगररचनेचा प्रश्न. ट्रक दुधाचाही येतोच आहे. एका पत्रात दारूने घरे कशी उद्ध्वस्त होतात हे लिहिले होते. खोटे त्यात काहीच नव्हते, पण दारू विकणे कायदेशीर आहे हे गृहीत धरूनच हा कायदा उभा आहे. एका पत्रासोबत शंभरावर सह्या होत्या. सह्यांनी वजन वाढते असा लोकांचा समज असतो. मंडळ मात्र मुद्दे मोजते, डोकी नाही. शंभर जणांनी तीच ट्रकची तक्रार केली तरी ती एकच तक्रार राहते.

याच्यामागे 2011 चा एक निकाल आहे. ग्लासगोच्या परवाना मंडळाने ब्राइटक्रू या कंपनीच्या नृत्य-क्लबचा परवाना नाकारला होता. प्रकरण कोर्ट ऑफ सेशन या स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेले आणि मंडळ हरले. न्यायालयाने सांगितले की ही पाच उद्दिष्टे दारूच्या विक्रीशी जोडूनच वाचायची. जागेत चालणाऱ्या इतर गोष्टींवर आपली नैतिक नापसंती बजावायचे ते हत्यार नव्हे. तेव्हापासून मंडळांचे कायदेशीर सल्लागार प्रत्येक हरकतीला एकच प्रश्न विचारतात: याचा दारूच्या विक्रीशी संबंध काय?

या गाळणीतून दोन पत्रे टिकली. एकात मागच्या बागेत संध्याकाळी जमणाऱ्या पोरांबद्दल लिहिले होते: कोणत्या दिवशी, किती वाजता, झुडपांत कोणत्या बाटल्या सापडल्या, मोठ्या माणसाला पैसे देऊन दारू आणवताना कुठे पाहिले. दुसरे शाळेच्या वाटेबद्दल होते. ही दोन्ही पत्रे मुलांना जपण्याच्या आणि उपद्रवाच्या उद्दिष्टात थेट बसत होती. अडचण एवढीच की ज्या दुकानातून ती दारू आली ते हे दुकान नव्हते, कारण इथे अजून एक थेंबही विकला गेलेला नव्हता.

शेजारच्या दुकानदाराचे पत्र वाचून बहुतेकांना हसू आले असेल. परिसराच्या आरोग्याची त्याला एकाएकी फार काळजी लागली होती. धंद्यातली स्पर्धा हे नकाराचे कारण नाही, आणि जुन्या दुकानदारांचा गल्ला सांभाळणे हे मंडळाचे काम नाही. तरी त्याच्या पत्रात एक उपयोगाची गोष्ट निघालीच: त्या रस्त्यावरच्या परवानाधारक दुकानांची यादी. कोणाचा हेतू काय होता याने यादीतली दुकाने कमी-जास्त होत नाहीत.

आता कम्युनिटी कौन्सिल आणि आरोग्य मंडळ. दोघांनीही एकाच कागदावर बोट ठेवले होते: मंडळाचे स्वतःचे धोरण.

खरी लढाई आधीच झाली होती

प्रत्येक परवाना मंडळाला आपले धोरण लेखी जाहीर करावे लागते, आणि त्यात कोणत्या भागात कोणत्या प्रकारच्या परवान्यांची अतिगर्दी आहे हे सांगावे लागते. आता हे वेळापत्रक कौन्सिलच्या निवडणुकीशी बांधलेले आहे: निवडणुकीनंतर अठरा महिन्यांत नवे धोरण. मे 2022 मध्ये निवडणूक झाली, म्हणून स्कॉटलंडभरची मंडळे नोव्हेंबर 2023 च्या सुमारास आपली धोरणे ठरवत होती. आपल्या या मंडळाने तेव्हाच्या धोरणात हा रस्ता आणि भोवतालची वस्ती घरी नेण्याच्या विक्रीपुरती अतिगर्दीची म्हणून जाहीर केली होती.

असे जाहीर झाले की नवा अर्ज साधारणपणे फेटाळला जाईल असे गृहीत धरले जाते. आपला अर्ज अपवाद का, हे पटवण्याचे ओझे अर्जदारावर येते. म्हणजे नियम ‘नकाराचे कारण सापडले नाही तर परवाना’ असाच राहतो, पण कारण आधीच टेबलावर ठेवलेले असते.

धोरणाचा मसुदा जनतेपुढे मतांसाठी ठेवलेला असतो तेव्हा त्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. आपल्या प्रकरणात तेव्हा कम्युनिटी कौन्सिलने पानभर लिहून पाठवले, आरोग्य मंडळाने आकडेवारीची जाड फाइल, दारूच्या व्यापाऱ्यांनी एक पत्र. बागेतल्या पोरांबद्दल लिहिणाऱ्या बाईंना असा काही मसुदा निघाला आहे हे माहीतच नव्हते. किराणा दुकान तेव्हा सुरूही झालेले नव्हते, त्यामुळे दुकानवालीकडून काही येण्याचा प्रश्नच नव्हता. दोघीही सुनावणीला पोटतिडकीने आल्या आणि दोघींनाही कळले की ज्या वाक्यावर आज सगळे अडले आहे ते आधीच लिहून झाले आहे. प्रत्येक अर्ज त्याच्या गुणांवर पाहिला जातो, असे मंडळे सांगतात आणि ते खरेही आहे. पण त्या गुणांची परीक्षा कोणत्या रेषेपासून सुरू होते ते धोरण ठरवते, आणि माझ्या मते या प्रकरणातला अर्ध्याहून जास्त निकाल तिथेच लागला होता.

आरोग्य मंडळाच्या फाइलमागे जे वास्तव आहे ते हलके नाही. 2023 मध्ये स्कॉटलंडमध्ये दारूमुळेच झालेले म्हणून नोंदलेले 1,277 मृत्यू झाले. अतिवंचित वस्त्यांमधले प्रमाण सुस्थितीतल्या वस्त्यांच्या चौपटीहून जास्त होते. देशात विकली जाणारी बहुतेक दारू आता पबमध्ये प्यायली जात नाही, दुकानातून घरी जाते. पबमध्ये निदान कोणी तरी ‘आता बस’ म्हणणारे असते. घरात ते नसते, आणि म्हणून मंडळांचे लक्ष गेल्या काही वर्षांत पबच्या भांडणांवरून दुकानांच्या शेल्फांकडे सरकले आहे.

सुनावणी

मंडळात नऊ जण होते. एक आजारी. दुसऱ्याने सुरुवातीलाच उठून सांगितले की वॉर्डातल्या सभेत ‘हे दुकान मी होऊ देणार नाही’ असे आपण बोललो होतो, म्हणून या विषयापुरते बाहेर बसतो. त्याला टाळ्या मिळाल्या असतील त्या सभेत. त्याच्या मतदारांचे एक मत मात्र त्या वाक्यामुळे गेले. तो बसला असता तर अपिलात सगळा निर्णयच धोक्यात आला असता.

अर्जदाराचे वकील अनुभवी होते. ट्रक, सह्या, शेजारचा दुकानदार यांवर त्यांनी वेळ घालवला नाही. ते थेट अतिगर्दीवर आले आणि तीन गोष्टी मांडल्या. एक, दारू ही दुकानाच्या मालातला छोटा हिस्सा राहील, आणि दारू नाही म्हणून आठवड्याचा बाजार करणारी गिऱ्हाइके दूरच्या सुपरमार्केटला जातात. दोन, स्वस्त कडक दारूचा प्रश्न किमान किमतीच्या कायद्याने हाताळला आहे. 1 मे 2018 पासून दर युनिटला (10 मिलीलीटर शुद्ध अल्कोहोल) 50 पेन्स, 30 सप्टेंबर 2024 पासून 65. चाळीस टक्क्यांच्या 70 सेंटीलीटर बाटलीत 28 युनिट, म्हणजे 18 पौंड 20 पेन्सच्या खाली ती स्कॉटलंडमधल्या कोणत्याही दुकानात मिळत नाही. तीन, वस्तीत येणारी दारू आता मोठ्या प्रमाणावर बाहेरच्या गोदामांतून आणि सुपरमार्केटांतून घरपोच येते. ती या वस्तीच्या मोजणीत कुठेच नाही.

तिसरा मुद्दा मला खरोखर अवघड वाटतो. कायदा घरपोच दारूला मध्यरात्र ते सकाळी सहा एवढीच बंदी घालतो, आणि परवाना असतो तो माल जिथून निघतो त्या जागेचा. नकाशावर रेषा आखून दुकाने मोजण्याची पद्धत अशा विक्रीपुढे लंगडी पडते. मंडळाकडे याला उत्तर नव्हते, आणि सल्लागाराने ते असल्याचा आवही आणला नाही.

दुसऱ्या मुद्द्याला मात्र आरोग्य मंडळाच्या डॉक्टरांनी सरळ उत्तर दिले. किमान किंमत सगळ्याच दुकानांना लागू आहे. तिने मृत्यू कमी झाल्याचे पब्लिक हेल्थ स्कॉटलंड या सरकारी आरोग्यसंस्थेच्या 2023 च्या मूल्यमापनात आढळले, ते आम्ही मानतो. पण तिच्यामुळे हे एक दुकान इतरांपेक्षा वेगळे ठरत नाही.

मग सदस्यांचे प्रश्न सुरू झाले. एक वयस्क नगरसेविका बराच वेळ नकाशाच पाहत होत्या.

“हे शेल्फ दारापासून किती लांब आहे?”

“साधारण दोन मीटर,” वकील म्हणाले.

“आणि काउंटर?”

“मागच्या भिंतीला. मध्ये बँकेच्या जुन्या तिजोरीची भिंत आहे, ती पाडता येत नाही.”

“म्हणजे काउंटरवरून शेल्फ दिसत नाही.”

“कॅमेरे आहेत, मॅडम.”

“रात्री आठनंतर दुकानात माणसं किती असतात?”

वकिलांनी मालकीणबाईंकडे पाहिले. त्यांनीच उत्तर दिले. “एक. कधी मी, कधी मुलगी.”

“तुमची मुलगी काउंटर सोडून दाराशी गेली तर गल्ला कोण बघणार, आणि नाही गेली तर शेल्फ कोण बघणार?”

माझ्या मते सुनावणी इथेच फिरली. पंचविशीच्या आतल्या वाटणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र तपासायचे, कर्मचाऱ्यांना विक्रीआधी प्रशिक्षण द्यायचे, दारू ठरलेल्या जागेतच मांडायची, या अटी प्रत्येक परवान्याला आपोआप लागतात आणि अर्जदाराने त्या सगळ्या मान्य केल्या होत्या. पण अटी पाळणारा माणूस एकच असेल आणि त्याच्या व दाराच्या मध्ये न पाडता येणारी भिंत असेल, तर त्या कागदावरच राहतात. परवाना दर्जा अधिकाऱ्याच्या, म्हणजे परवान्याचे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याच्या, अहवालात हा मुद्दा एका ओळीत होता. त्या ओळीचे दुकान कसे दिसते हे नगरसेविकेने उभे करून दाखवले.

वकिलांनी लगेच माघार घेतली, आणि ती शहाणपणाची होती. 24 चौरस मीटरऐवजी 9; शेल्फ दारापासून उचलून काउंटरच्या मागे; विक्री सकाळी अकरापासून. मंडळ अर्जातल्या आराखड्यात असे बदल सुचवू शकते आणि अर्जदाराने ते मानले तर बदललेल्या रूपात मंजुरी देऊ शकते. भिंतीची अडचण त्यामुळे सुटली. मुलांच्या आणि उपद्रवाच्या हरकतीतली हवाही बरीचशी निघाली.

एक सदस्य म्हणाले, “मी रोज संध्याकाळी त्या बागेतून कुत्रा घेऊन जातो, तिथे काय चालतं मला ठाऊक आहे.” सल्लागाराने त्यांना थांबवले आणि जे पाहिले ते आत्ताच, सगळ्यांसमोर सांगायला लावले, म्हणजे वकिलांना त्यावर बोलता येईल. सदस्याची स्थानिक माहिती चालते. मनात ठेवून मत देताना वापरलेली चालत नाही. गृहस्थांनी सांगितले. वकिलांनी विचारले, यातले काही गेल्या वर्षभरातले आहे का, आणि त्याचे उत्तर थोडे लटपटत आले.

बंद दाराआड

बैठक जनतेसमोर होते, पण निर्णयापूर्वीची चर्चा खासगीत करण्याची मुभा कायदा देतो. ती मंडळाने वापरली.

तिघांचे म्हणणे असे झाले असणार: नऊ चौरस मीटर म्हणजे काउंटरमागचे एक कपाट. एवढ्याने कोणत्या वस्तीची गर्दी वाढणार? रस्त्यावरची निम्मी दुकाने बंद पडलेली आहेत, हे एक चालले आहे, त्याच्या पायात का खोडा घालायचा? हे म्हणणे मला वजनदार वाटते. रिकाम्या दुकानांचा रस्ता वस्तीच्या तब्येतीला काही चांगला नव्हे.

चौघांचे म्हणणे वेगळे. अतिगर्दीचा प्रश्न हा एका दुकानाचा कधीच नसतो. ओल्या भिंतीवर आणखी एक पेला पाणी टाकून विचारले की या पेल्याने काय झाले, तर उत्तर नेहमी ‘काही नाही’ असेच येणार. पुढच्या महिन्यात दुसरा दुकानदार नऊ चौरस मीटरचाच अर्ज घेऊन येईल आणि आजच्या निर्णयाकडे बोट दाखवील. धोरणात अपवाद मान्य आहे. पण अर्जदाराने दाखवलेले कारण, म्हणजे गिऱ्हाइकांची सोय आणि धंद्याची गरज, कोणत्याही किराणा दुकानाला लागू पडणारे आहे. कोणालाही लागू पडणारा अपवाद धोरणच पुसून टाकतो.

मी चौघांच्या बाजूने आहे, पण काठावर. अर्जदाराने दाखवले असते की या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना चालत जाण्याच्या अंतरावर दुसरे किराणा दुकान नाही, किंवा जवळचे एखादे परवानाधारक दुकान बंद पडून त्याची जागा मोजणीतून वजा झाली आहे, तर माझे मत फिरले असते. वकिलांनी यातले काहीच पुराव्यानिशी आणले नव्हते. ‘दारू हा छोटा हिस्सा राहील’ हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटले. त्याऐवजी आजूबाजूच्या दुकानांची आजची स्थिती मोजून आणली असती तर अशिलाच्या पैशाचे चीज झाले असते.

कारणे लिहिताना

मतदान झाले म्हणजे काम संपले असे नाही. अर्जदाराने मागितली तर मंडळाला निर्णयाची कारणे लेखी द्यावी लागतात, आणि अपील झाले तर शेरीफ न्यायालय, म्हणजे तिथले स्थानिक न्यायालय, तेच पान वाचते. न्यायालय सगळी सुनावणी नव्याने घेत बसत नाही. मंडळाने कायदा चुकीचा लावला का, आधार नसलेले तथ्य धरले का, म्हणणे मांडायची संधी नाकारली का, किंवा कोणत्याही समंजस मंडळाने घेतला नसता असा निर्णय घेतला का, एवढे बघते.

सल्लागाराच्या कच्च्या मसुद्यात पहिले वाक्य असे होते: ‘या भागात दारूची दुकाने पुरेशी आहेत असे मंडळाला वाटते.’ हे वाक्य अपिलात पहिल्याच धक्क्याला पडले असते. ‘पुरेशी’ कशाच्या हिशेबाने? ‘भाग’ कोणता? ‘वाटते’ कशावरून?

पक्क्या मसुद्यात क्रम बदलला. आधी वस्तीची हद्द, धोरणातल्या नकाशासह. मग त्या हद्दीतल्या घरी नेण्याच्या विक्रीच्या परवान्यांची संख्या आणि त्यांच्या मांडणीची एकूण जागा, सुनावणीच्या दिवशीची, धोरण ठरले तेव्हाची नव्हे. मग आरोग्य मंडळाच्या पुराव्यातले नेमके काय स्वीकारले. मग अर्जदाराचे तिन्ही मुद्दे एकेक करून. घरपोच विक्रीबद्दल मसुद्यात सरळ लिहिले होते की हा मुद्दा मंडळाने दखलपात्र मानला, पण वस्तीत बाहेरून दारू येते म्हणून वस्तीतली दुकाने वाढवण्यास ते कारण ठरत नाही. नऊ चौरस मीटरच्या माघारीबद्दल लिहिले की ती क्षमता कमी करते, दुकानांची संख्या नाही, आणि मंडळाने दोन्हीचा विचार केला. शेवटी, मुलांच्या आणि उपद्रवाच्या उद्दिष्टांवर मंडळाने नकार आधारलेला नाही, हे मुद्दाम नोंदवले.

हे शेवटचे वाक्य काही सदस्यांना टोचले. हरकत घेणाऱ्यांना काय वाटेल? बागेचे पत्र लिहिणाऱ्या बाईंना तर वाटणारच की आपले ऐकलेच नाही. सल्लागार ठाम राहिला, आणि त्याचे बरोबर होते. नकाराला एक भक्कम कारण पुरते. त्याला दोन डळमळीत कारणे जोडली की वकील त्या दोघांवरच तुटून पडतो. ब्राइटक्रूच्या निकालानंतर तर उद्दिष्टांचा आधार घेताना या दुकानातली दारूविक्री आणि होणारी इजा यांतला दुवा दाखवावाच लागतो. तो दुवा इथे बागेपर्यंत पोहोचत नव्हता.

त्यानंतर

नकार मिळालेल्या जागेसाठी त्याच प्रकारचा अर्ज वर्षभर करता येत नाही, परिस्थितीत ठोस बदल झाला असेल किंवा मंडळाने नाकारतानाच तशी सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. वकिलांनी ती सूट तिथल्या तिथे मागितली. अध्यक्षांनी सदस्यांना विचारले आणि ती दिली गेली. नाकारणाऱ्या चौघांपैकी दोघांनी तिला पाठिंबा दिला. त्यातल्या एक त्या नकाशा पाहणाऱ्या नगरसेविका होत्या.

अपील केले नाही. वकिलांच्या फीचा अंदाज ऐकून मालकीणबाईंनी तो विचार सोडला. 1,100 पौंडांची अर्जफी तर परत मिळणारच नव्हती. नव्या अर्जालाही तेवढीच फी पडेल, आणि त्यात नकाशा बदललेला असला तरी धोरणातले ते वाक्य तिथेच असेल. कौन्सिलची पुढची निवडणूक मे 2027 मध्ये आहे. त्यानंतरच्या अठरा महिन्यांत नव्या धोरणाचा मसुदा निघेल आणि त्यावर कोणालाही लिहून पाठवता येईल. सुनावणीनंतर परवाना दर्जा अधिकाऱ्याने मालकीणबाईंचा आणि बागेचे पत्र लिहिणाऱ्या बाईंचा ईमेल पत्ता, मसुदा निघाला की ज्यांना कळवायचे त्यांच्या यादीत घालून घेतला.